जुनी कॅबर्ने केव्हा उघडावी, आणि भाव वाढल्यावर ती उघडावी का?

कूपरटिनोकर

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे २००५ ते २०१३ या सालांतल्या काही कॅबर्ने, म्हणजे कॅबर्ने सोव्हिन्याँ या द्राक्षाच्या लाल वाइन, साठून आहेत. त्या कॅलिफोर्नियातल्या आहेत: रिज वाइनरीच्या मोंटेबेलो मळ्याच्या आणि नापा या वाइन-प्रदेशातल्या डोंगराळ मळ्यांच्या. त्या घेतल्या तेव्हा पिण्यासाठीच घेतल्या होत्या. आता मात्र कपाटासमोर उभे राहिले की दोन प्रश्न एकाच वेळी मनात येतात आणि एकमेकांत गुंततात. पहिला प्रश्न असा की ही वाइन आज तयार आहे का, की अजून थांबले तर ती आणखी चांगली होईल. दुसरा असा की जी बाटली दीडशे डॉलरच्या आसपास घेतली, तिच्याच मळ्याची नवीन बाटली आज अडीचशेच्या घरात गेली असताना ही साध्या शनिवारी संध्याकाळी उघडणे योग्य आहे का.

ज्यांना मोंटेबेलो माहीत नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. स्टीव्हन्स क्रीकच्या धरणापासून कूपरटिनोची वस्ती मागे पडते आणि मोंटेबेलो रस्ता वळणे घेत डोंगरावर चढतो. वरच्या बाजूचे मळे दोन हजार फुटांच्याही वर आहेत, मातीखाली चुनखडी आहे आणि पॅसिफिकचा गारवा थेट पोहोचतो. त्यामुळे तिथली कॅबर्ने नापाच्या सपाटीवरच्या वाइनपेक्षा आंबटपणाने अधिक ताठ आणि अल्कोहोलने हलकी असते. १९७६ साली स्टीव्हन स्परियर यांनी पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांपुढे नावे झाकून जी चाचणी घेतली, तीत नापाच्या स्टॅग्ज लीप वाइन सेलर्सची १९७३ ची कॅबर्ने पहिली आली आणि १९७१ ची मोंटेबेलो पाचवी. त्यानंतर फ्रेंच बाजूने आक्षेप असा होता की कॅलिफोर्नियाच्या वाइन तरुणपणी लोभस वाटतात, पण टिकत नाहीत. २००६ साली त्याच लाल वाइन लंडन आणि नापा येथे पुन्हा चाखल्या गेल्या, तेव्हा १९७१ ची मोंटेबेलो पहिली आली आणि पहिल्या पाचही जागा कॅलिफोर्नियाने घेतल्या. चांगल्या मळ्यातली कॅबर्ने तीस-पस्तीस वर्षे जगते याचा इतका जाहीर पुरावा दुसरा क्वचितच असेल.

पण "जगते" याचा अर्थ "तोवर थांबलेच पाहिजे" असा होत नाही, आणि माझी चर्चा इथूनच सुरू होते. माझे मत असे झाले आहे की भावाचा विचार विकत घेताना करावा, उघडताना करू नये. उघडण्याचा निर्णय फक्त बाटलीच्या प्रकृतीवर घ्यावा. हे मत सगळ्यांना पटेल असे नाही, म्हणून धागा काढत आहे.

हडसनकाठी

विषय उत्तम आहे. मी फ्रान्समधल्या बोर्दोच्या डाव्या किनाऱ्याच्या, म्हणजे मुख्यतः पॉइयाक आणि सें-जुलियँ या गावांच्या कॅबर्नेप्रधान वाइन पितो, त्यामुळे तिकडच्या अनुभवावरून लिहितो.

केव्हा उघडावी याला एकच वयोमर्यादा लावता येत नाही, कारण प्रत्येक सालाचा स्वभाव वेगळा असतो. २००३ च्या उन्हाळ्यात युरोप भाजून निघाला होता. त्या सालच्या बहुतेक वाइन लवकर मऊ झाल्या आणि काही मोजके अपवाद सोडले तर त्या राखून ठेवण्यात आता काही हशील नाही. २००५ च्या वाइन तुरटपणाने इतक्या भरलेल्या होत्या की त्या कितीतरी वर्षे तोंड मिटून बसल्या होत्या. २००९ आणि २०१० या लागोपाठच्या दोन सालांना सारखीच वाहवा मिळाली, पण २००९ पिकलेली आणि गुबगुबीत आहे, तर २०१० ताठ आणि थंड. ज्यांच्याकडे दोन्ही आहेत त्यांनी २००९ आधी संपवावी, हा माझा ठाम सल्ला आहे.

तोंड मिटणे हा प्रकार नवख्या माणसाला फसवतो. बाटलीत गेल्यावर पहिली तीन-चार वर्षे फळाचा स्वाद भरभरून येतो, नंतर काही वर्षे वाइन अगदी मुकी होते, वास येत नाही, फक्त तुरटपणा आणि आंबटपणा जाणवतो, आणि मग ती पुन्हा उमलते. या मधल्या काळात बाटली उघडणाऱ्याचा समज होतो की वाइन सामान्य आहे. कॅलिफोर्नियाच्या सपाटीवरच्या वाइनमध्ये हे इतके ठळक होत नाही असे माझे निरीक्षण आहे. मोंटेबेलोत होते का, हे तुम्ही सांगा.

रसायनी

वर उल्लेख झालेल्या बदलांमागे काय घडते ते थोडक्यात मांडते, कारण ते समजले तर निर्णय सोपा होतो.

कॅबर्ने सोव्हिन्याँचे फळ लहान, साल जाड आणि बिया मोठ्या असतात. रसाच्या मानाने साल आणि बिया जास्त असल्यामुळे तिच्यात टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारी द्रव्ये, आणि रंगद्रव्ये भरपूर उतरतात. बाटलीत हे दोन्ही हळूहळू एकमेकांना चिकटतात, रेणू मोठे होतात, त्यातले काही गाळ होऊन तळाशी बसतात. रंग जांभळ्याकडून विटकरीकडे जातो तो यामुळेच. तुरटपणा मऊ का होतो याचे जुने स्पष्टीकरण "टॅनिन लांब होऊन खाली बसते" असे होते. आता असे दिसते की आम्लामुळे लांब साखळ्या तुटतातही आणि त्यांची घडणही बदलते, आणि यापैकी कशाचा वाटा किती यावर संशोधकांचे अजून एकमत नाही. त्याच वेळी ताज्या फळाचा वास देणारी काही संयुगे विघटित होतात आणि देवदार, तंबाखू, वाळकी पाने, ओली माती, चामडे असे वास पुढे येतात.

यातली कळीची गोष्ट अशी की तुरटपणा कमी होणे आणि फळ ओसरणे या दोन स्वतंत्र क्रिया आहेत. त्या सारख्या वेगाने चालत नाहीत. ज्या वाइनमध्ये मुळातच फळ थोडे आणि टॅनिन प्रचंड, ती वाइन टॅनिन मऊ होईपर्यंत कोरडी पडते. "अजून कडक आहे, म्हणजे थांबले पाहिजे" हा तर्क म्हणूनच अपुरा आहे. उघडलेल्या बाटलीत तुरटपणाच्या खाली फळ शिल्लक आहे का, हे पाहावे. असेल तर बाकीच्या बाटल्या थांबू शकतात. नसेल तर थांबून फळ परत येत नाही.

दुसरे, साठवणीचे तापमान. यातल्या बहुतेक क्रिया तापमान दहा अंशांनी वाढले की दुपटीहून अधिक वेगाने होतात, आणि सगळ्या सारख्या प्रमाणात वाढत नाहीत, म्हणून गरम जागी ठेवलेली वाइन लवकर "पिकते" असे न होता ती वेगळ्याच दिशेने बिघडते. बारा ते चौदा अंश सेल्सिअस, साठ-सत्तर टक्के आर्द्रता, अंधार, आणि बाटली आडवी. इंटरनेटवर दिलेल्या पिण्याच्या मुदती याच परिस्थितीसाठी असतात.

पेठेतला

रसायनीताईंचा शेवटचा परिच्छेद वाचून काळजी वाढली. आम्ही पुण्यात राहतो. एप्रिल-मेमध्ये घराच्या आत तीस-बत्तीस अंश सहज होतात. परदेशातून येताना दोन लिटरची जी सवलत मिळते तीत मुलीने नापाच्या दोन बाटल्या आणल्या, त्या साध्या फ्रिजमध्ये ठेवल्या आहेत. त्या दहा वर्षे ठेवाव्यात असे ती म्हणते.

इथे विकत घ्यायचे म्हटले तर बाहेरच्या वाइनवर १५० टक्के सीमाशुल्क आणि त्यावर राज्याचे कर. ऑस्ट्रेलियाशी झालेला करार डिसेंबर २०२२ मध्ये लागू झाला, त्यात महाग बाटल्यांवरचे शुल्क लगेच ७५ टक्क्यांवर आले आणि दहा वर्षांत २५ पर्यंत उतरणार आहे. त्यामुळे तिकडच्या कूनावारा भागातली कॅबर्ने कधीतरी परवडेल अशी आशा आहे. पण साठवायची कुठे, हा प्रश्न राहतोच.

रसायनी

पेठेतला, दोन पर्याय आहेत. साधा फ्रिज चार-पाच अंशांवर असतो, हवा कोरडी असते आणि दार सारखे उघडते, म्हणून तिथे काही महिने ठीक, काही वर्षे नको, कारण बूच सुकते. वाइनसाठीचा छोटा फ्रिज घेतला आणि तो इन्व्हर्टरवर जोडला तर पुण्यातही पाच-सहा वर्षे निर्धास्त ठेवता येईल. तो घ्यायचा नसेल तर दोन्ही बाटल्या येत्या वर्षभरात मुलीसोबत उघडा. नापाची आजची कॅबर्ने पाच-सात वर्षांची असतानाही अतिशय चांगली लागते, त्यात काही गमावल्यासारखे होणार नाही.

अनुस्वार

मला इथे थोडा विरोध नोंदवायचा आहे, आणि तो धाग्याच्या गृहीतकालाच आहे.

सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या नापा कॅबर्ने साडेबारा-तेरा टक्के अल्कोहोलच्या असत. ब्यूल्यू व्हिनियार्डची जॉर्ज दी लातूर, हाइट्झची मार्थाज व्हिनियार्ड १९७४, डायमंड क्रीक, मायाकामास, हॉवेल माउंटनवरची डन, या वाइन मुळातच तरुणपणी पिता येत नसत, म्हणून लोक थांबत. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून द्राक्षे जास्त पिकवून तोडण्याची पद्धत आली, अल्कोहोल साडेचौदा-पंधरावर गेले, आंबटपणा उतरला, टॅनिन पहिल्या दिवसापासून मऊ झाले. या वाइन बाजारात येतात तेव्हाच तयार असतात. त्यांना वीस वर्षे ठेवून त्या "जुन्या" होतात खऱ्या, पण अधिक चांगल्या होतात असे मला बहुतेक वेळा आढळलेले नाही. फळ मुरंब्यासारखे जड होते आणि अल्कोहोल वर तरंगते.

म्हणून "जुनी कॅबर्ने" असा एकच वर्ग धरून सल्ला देणे योग्य नाही. डन आणि मोंटेबेलो यांना थांबण्याचा मोबदला मिळतो. सपाटीवरच्या पंधरा टक्क्यांच्या वाइनला आठ-दहा वर्षांच्या पुढे ठेवणे म्हणजे केवळ अभिमानाची साठवण आहे.

कूपरटिनोकर

अनुस्वार, तुमचा मुद्दा मला बहुतांशी मान्य आहे. लेबलवरचा अल्कोहोलचा आकडा आणि मळा डोंगरावरचा की सपाटीवरचा, या दोन गोष्टी वयापेक्षा जास्त सांगतात. फक्त २०११ सारखी थंड आणि पावसाळी साले यात अपवाद धरावीत. त्या वर्षी नापात टीका खूप झाली, पण काही हलक्या, ताज्या वाइन आज फार सुंदर लागतात, त्याही उत्पादकांच्या ज्यांची इतर साले जड असतात.

हडसनकाठी यांच्या प्रश्नाचे उत्तर: होय, मोंटेबेलो तोंड मिटते. मागच्या हिवाळ्यात २०१० ची उघडली, हवा लागावी म्हणून दोन तास कॅराफमध्ये, म्हणजे रुंद काचपात्रात, ठेवली, तरी ती आखडलेलीच होती. दुसऱ्या दिवशी उरलेल्या ग्लासात मात्र काळ्या मनुका आणि पेन्सिलचा वास स्पष्ट आला. जी वाइन दुसऱ्या दिवशी अधिक चांगली लागते तिच्या बहिणींना अजून चार-पाच वर्षे द्यायला हरकत नाही, ही मला सापडलेली सर्वांत भरवशाची कसोटी आहे.

त्याच महिन्यात २००५ ची उघडली, तिचे तपशील देतो. वाइनची पातळी मानेच्या तळाशी होती, म्हणजे या वयाला उत्तम. बुचाचा वरचा तृतीयांश भाग कोरडा आणि खालचा काळपट-जांभळा भिजलेला होता, डाग कडेने वर चढलेला नव्हता. बाटली दोन दिवस उभी ठेवली होती, त्यामुळे गाळ तळाच्या खोबणीत जमला होता. ओतताना मानेखाली दिवा धरला आणि पहिली काळी रेघ दिसताच थांबलो. ग्लासात मधोमध गडद माणकाचा रंग, कडेला अगदी बारीक विटकरी पट्टी. सुरुवातीला देवदार आणि पुदिन्यासारखा थंड वास, अर्ध्या तासाने वाळलेली चेरी आणि तंबाखूचे पान. तुरटपणा होता, पण तो जिभेला ओरखडत नव्हता, गिळल्यावर हळूच गोळा होत होता. ही वाइन आज तयार आहे, आणि पुढची दहा वर्षेही राहील असे वाटते.

हडसनकाठी

दुसऱ्या दिवसाची कसोटी मीही वापरतो. अगदी जुन्या, तीस वर्षांवरच्या बाटलीला ती लावू नये, कारण ती रात्रभरात मान टाकू शकते.

सावकाश

मी पैशाच्या बाजूने लिहितो, कारण धाग्याचा दुसरा अर्धा भाग अजून उघडलाच नाही.

नापाच्या कॅबर्नेचे भाव का वाढले याचे एक साधे गणित आहे. नापा काउंटीत कॅबर्ने द्राक्षांचा सरासरी दर २०२२ पर्यंत टनाला आठ हजार डॉलरच्या वर गेला होता. एका टनात साधारण सातशे बाटल्या होतात, म्हणजे एका बाटलीत अकरा-बारा डॉलरची केवळ द्राक्षे. नवीन फ्रेंच ओकचे पिंप हजार डॉलरच्या वर आणि त्यात तीनशे बाटल्या, म्हणजे आणखी तीन-चार डॉलर. धंद्यातला जुना आडाखा असा की टनाच्या दराला शंभरने भागले की बाटलीची वाजवी किंमत मिळते, म्हणजे ऐंशी डॉलर. त्यावरचे जे काही आहे ते जमिनीचे, नावाचे आणि दुर्मीळपणाचे. एकराला काही लाख डॉलर मोजून मळा घेणाऱ्याला स्वस्त वाइन करता येत नाही. त्यातच २०२० च्या आगी आणि धुरामुळे अनेकांनी त्या सालची लाल वाइन केलीच नाही.

बोर्दोचे कारण वेगळे होते. हाँगकाँगने २००८ मध्ये वाइनवरचे शुल्क रद्द केले आणि चिनी मागणीने लाफीत या तिथल्या नामांकित घराण्याच्या वाइनचे भाव आकाशाला भिडले. २००८ च्या लाफीतच्या बाटलीवर चिनी लिपीतला आठाचा अंक कोरला गेला. २०११ पासून तो फुगा उतरला. अमेरिकेत ऑक्टोबर २०१९ ते मार्च २०२१ या काळात फ्रेंच वाइनवर २५ टक्के जादा शुल्क होते, ते बोर्दो पिणाऱ्या सगळ्यांच्या लक्षात असेल.

पण आता दोन गोष्टी शांतपणे पाहा. पहिली, २०२२ च्या अखेरीपासून जुन्या वाइनचा लिलाव-बाजार उतरत गेला. बोर्दोतल्या बऱ्याच मोठ्या घराण्यांनी २०२३ ची वाइन आधीच्या सालापेक्षा तीस-चाळीस टक्के कमी भावाने काढली, आणि कॅलिफोर्नियात मागणी घटल्यामुळे अलीकडच्या सालांत द्राक्षे वेलीवरच सोडावी लागली. दुसरी, वाइनरी नवीन बाटलीचा जो भाव लावते तो तुमच्या जुन्या बाटलीचा भाव नव्हे. लिलावात पंधरा वर्षांची नापा कॅबर्ने पुष्कळदा त्याच वाइनरीच्या आजच्या नवीन बाटलीपेक्षा स्वस्त मिळते. म्हणजे कूपरटिनोकर ज्याला "अडीचशेची बाटली" समजून उघडायला कचरतात, ती विकायला काढली तर लिलावगृहाचे कमिशन, वाहतूक आणि विमा वजा जाता हातात बरेच कमी येईल.

यातून माझा निष्कर्ष दुहेरी आहे. जे साठवून आहे ते निर्धास्त प्यावे. आणि ज्याला जुनी कॅबर्ने आवडते त्याने नवीन बाटली अडीचशेला घेऊन पंधरा वर्षे वीज आणि जागा खर्च करण्यापेक्षा, साठवणीचा इतिहास स्पष्ट असलेली जुनी बाटली लिलावात घ्यावी.

अनुस्वार

सावकाश यांच्याशी सहमत, एका अटीवर. लिलावातल्या बाटलीचा इतिहास म्हणजे सर्वस्व. पातळी, बुचाची स्थिती, आवरणाखाली गळतीचा डाग, आणि विक्रेत्याने ती कुठे ठेवली होती याची लेखी माहिती, हे सगळे पाहिल्याशिवाय बोली लावू नये. सुटी बाटली घेण्यापेक्षा एकाच मालकाच्या संग्रहातली मूळ लाकडी पेटी अधिक सुरक्षित.

मुदपाक

जेवणाबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. जुन्या कॅबर्नेसोबत तांबडा रस्सा किंवा सावजी मटण ठेवू नये. तिखटाने तुरटपणा आणि अल्कोहोल दोन्ही अंगावर येतात आणि इतकी वर्षे जपलेला नाजूक वास मसाल्यापुढे हरवतो. मी मटणाचे तुकडे आले-लसूण, मिरे आणि थोड्या धण्यांवर मंद आचेवर शिजवते, लाल तिखट आणि खोबऱ्याचे वाटण टाळते, वर फक्त तुपात परतलेला कांदा. शाकाहारी मंडळींसाठी अळंबी आणि मुरलेले चीज. वाइन सतरा-अठरा अंशांवर असावी, खोलीच्या सव्वीस अंशांवर नाही.

पेठेतला

मुदपाक यांनी लिहिलेले मटण करतो. बाटल्या दिवाळीत मुलगी येईल तेव्हा उघडणार. एक शंका: एक बाटली २०१६ ची डोंगरावरची आहे, दुसरी २०१८ ची सपाटीवरची. आधी कोणती?

अनुस्वार

२०१८ आधी, तासभर कॅराफमध्ये ठेवून. २०१६ दुपारीच उघडून कॅराफमध्ये ओता आणि रात्री प्या. दोन्ही एकाच जेवणात काढणार असाल तर अर्धी-अर्धी दुसऱ्या दिवसासाठी राखा.

कूपरटिनोकर

सगळ्यांचे मनापासून आभार. चर्चेनंतर माझे नियोजन असे ठरले आहे: २०११ च्या बाटल्या आता संपवायच्या, २००५ दरवर्षी एक, २०१० ला २०२९-३० पर्यंत हात लावायचा नाही, आणि २०१३ ची एक बाटली पुढच्या वर्षी फक्त अंदाज घेण्यासाठी उघडायची, कारण ते साल तुरटपणाने फार भरलेले आहे आणि रसायनी यांनी सांगितल्याप्रमाणे तळाशी फळ किती आहे हे पाहिल्याशिवाय बाकीच्यांबद्दल काही ठरवता येणार नाही. नवीन मोंटेबेलो यंदा घेणार नाही. त्या पैशांत सावकाश म्हणतात तशी नव्वदच्या दशकातली एखादी शोधतो.

एकच शंका उरली. २००७ च्या माझ्याकडे अर्ध्या बाटल्या, म्हणजे ३७५ मिलीलिटरच्या आहेत. त्या वेगळ्या धराव्यात का?

रसायनी

होय. बूच जवळपास तेवढेच आणि आत वाइन निम्मी, म्हणून प्राणवायूचा वाटा जास्त पडतो आणि त्या लवकर वयात येतात. मोठ्या बाटलीतली २००७ तुम्ही आज तयार मानत असाल, तर अर्ध्या बाटल्या या वर्षीच प्या, आणि त्यांतही जिची पातळी सर्वांत खाली आहे ती सर्वांत आधी.